क्रीख : शेवट, शीव आणि देश

आयरिश भाषेंतील एखादें जुनें पुस्तक वाचून संपलें म्हणजे अखेरच्या पानाच्या तळाशीं पुष्कळदां एकच शब्द छापलेला आढळतो : 'क्रीख'. आपल्या पोथ्यांच्या शेवटीं 'इति' किंवा 'समाप्त' यावें तसाच तो येतो, व त्याचा अर्थहि तोच. परंतु त्याच भाषेंतील बाराशें वर्षांपूर्वींचें वाङ्मय उघडलें तर हाच शब्द दोन राज्यांमधील सीमेला लावलेला दिसतो. आणि त्या सीमेनें वेढलेल्या सबंध भूभागालाहि तोच लावलेला दिसतो. आजहि नॉर्वे-स्वीडनच्या बाजूच्या देशांना आयरिश भाषेंत 'क्रीख लोखलन', म्हणजे लोखलनचा मुलूख, असें म्हणतात. शेवट, शीव आणि देश हे तीन अर्थ या एका शब्दांत एकत्र नांदत आले आहेत. त्यांपैकीं कोणत्या अर्थावर केव्हां जोर पडला, याचा मागोवा घेत गेल्यास आयर्लंडच्या इतिहासाचा बराच मोठा भाग हातीं लागतो.

मराठी वाचकाला या अर्थसंगमाचें फारसें नवल वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृतांतील 'अन्त' या शब्दाला शेवट आणि कड हे दोन्ही अर्थ आहेत. त्यापासून झालेला 'प्रान्त' हा शब्द मूळचा 'कडेचा भाग' या अर्थाचा; पुढें तो सबंध इलाख्याचा वाचक झाला. 'सामन्त' हा शब्द तर याहूनहि बोधक आहे. ज्याची कड आपल्या कडेला लागून आहे तो सामन्त, अर्थात् शेजारी; मांडलिक राजा हा अर्थ मागाहूनचा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेच्या वादाचा विचार आहे. तेथें साक्षीदार न मिळाल्यास भोंवतालच्या चार गांवांतील सामन्तांनीं राजासमोर सीमा ठरवावी, असें सांगितलें आहे. आयरिश भाषेंतहि अगदीं याच घाटाचा एक जोडशब्द आहे. 'को' म्हणजे सह. त्यावरून 'कोक्रीख' म्हणजे सामायिक सीमा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ शेजारचा मुलूख. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन समाजांना सीमेचें नांव घेतांच प्रथम शेजारी आठवला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढील सर्व कथेचें मर्म तींतच आहे.

सातव्या-आठव्या शतकांतील आयर्लंड हें एक राज्य नव्हतें. 'टूअह' या नांवाच्या लहान लहान राज्यांचा तो समूह होता, आणि एका वेळीं अशा राज्यांची संख्या दीडशेंच्या आसपास असावी असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रोमन साम्राज्याचा अंमल या बेटावर कधींच बसला नाहीं. त्यामुळें रोमन पद्धतीचे राजरस्ते, मैलांचे दगड किंवा सरकारी मोजणी तेथें आली नाहीं. नदी, दलदल, डोंगराची धार किंवा दाट रान हीच दोन राज्यांमधील क्रीख. सामान्य स्वतंत्र मनुष्याचे हक्क त्याच्या टूअहपुरतेच असत. शीव ओलांडली कीं त्याचा मान व त्याचें संरक्षण हीं दोन्ही मागें राहत. समुद्रापलीकडून आलेल्या निर्वासिताला 'करडा कुत्रा' या अर्थाचें नांव होतें. स्थानिक स्त्रीशीं त्यानें विवाह केला तर त्याची पत तिच्या पतीवरून नव्हे, तर तिच्या स्वतःच्या पतीवरून म्हणजे दर्जावरून ठरे. नवा राजा गादीवर आला म्हणजे त्यानें शेजारच्या मुलखावर चाल करून गुरें पळवून आणावींत, अशीहि चाल होती. तेव्हां त्या काळाचें चित्र फार सोज्ज्वळ रंगवूं नये. सीमा तेव्हांहि भयाची जागा होती.

परंतु ती केवळ भयाची जागा नव्हती. दोन राज्यांमध्यें करार झाला असेल तर एकीकडच्या मनुष्याला दुसरीकडे दाद मागतां येई. या कराराचें कायद्यांतील नांव 'कार्द्ये', म्हणजे शब्दशः मैत्री, असें होतें. कवि व विद्वान् यांना तर अशा करारावांचूनहि सर्वत्र संचार असे. त्यांचा दर्जा शिवेवर गळून पडत नसे. ज्या देशांत दीडशें राजे होते, त्या देशांत एकच वाङ्मयीन भाषा, एकच कायदेपरंपरा आणि एकच पुराणकथांचा सांठा टिकून राहिला, याचें मोठें श्रेय या फिरत्या वर्गाला द्यावें लागतें.

राज्याच्या सीमेवरून शेताच्या बांधाकडे वळलें म्हणजे हा शेजारधर्म अधिक स्पष्ट दिसूं लागतो. त्या काळच्या कायदेग्रंथांत 'ब्रेथा कोमाइखेसा' नांवाचा एक ग्रंथ आहे. त्याचा अर्थ 'शेजाराचे निर्णय'. वडिलोपार्जित जमिनीची वांटणी झाली म्हणजे प्रत्येक वांटेकऱ्यानें आपल्या हिश्श्याला कुंपण घातलें पाहिजे, आणि आपण नियम पाळूं याबद्दल शेजाऱ्याकडे आगाऊ तारण ठेवलें पाहिजे, असा त्यांतील दंडक आहे. कुंपणें चार प्रकारचीं मान्य होतीं : चर खणून त्याच्या मातीचा घातलेला बांध, दगडी गडगा, ओकच्या लांकडांचें कुंपण, आणि मेढी रोवून त्यांत फोक विणून केलेली वई. कोणाचें गुरूं कोणाच्या पिकांत शिरलें, तें कुंपण मोडून शिरलें कीं मोडकें कुंपण पाहून शिरलें, यावरून नुकसानभरपाई ठरे. ज्यानें आपला बांध नीट राखला नाहीं त्याची तक्रारहि लंगडी पडे.

मधमाशांविषयींचा कायदा तर फारच मनोरंजक आहे. मधमाशी बांध जाणत नाहीं. एकाचें पोळें असतें, आणि फुलें दुसऱ्याच्या शेतांतलीं असतात. तेव्हां मधमाशा पाळणाराला कांहीं वर्षें मोकळीक देऊन पुढें त्यानें नव्या झुंडींपैकीं वांटा शेजाऱ्यांना द्यावा, असें त्या धर्मशास्त्र्यांनीं ठरविलें. बांध घालतां येतो तेथें तो दोघांनीं राखावा, आणि जेथें घालतां येत नाहीं तेथें लाभांत वांटा द्यावा, असा हा न्याय आहे.

ख्रिस्ती धर्माबरोबर आणखी एक सीमावाचक शब्द या बेटावर आला. लॅटिन भाषेंत सीमेला व सीमेच्या दगडाला जो शब्द आहे, त्यापासून आयरिश भाषेंत 'टॅरमन' हा शब्द झाला. आठव्या शतकाच्या आरंभींच्या आयरिश धर्मनियमसंग्रहांत पवित्र स्थानाच्या भोंवतीं सीमाचिन्हें असलीं पाहिजेत असें सांगितलें आहे. या चिन्हांच्या आंत शिरलेल्या मनुष्यावर शस्त्र उगारणें हें पाप. त्यामुळें सीमेचा दगड या अर्थाचा शब्द प्रथम मठाच्या जमिनीचें नांव झाला, आणि पुढें त्याचा अर्थ 'आसरा' असा झाला. आजच्या आयरिश भाषेंत तोच अर्थ रूढ आहे. सीमेच्या शब्दाचें रूपांतर आश्रयाच्या शब्दांत व्हावें, हें भाषेच्या इतिहासांत वारंवार घडत नाहीं.

पुढें इंग्रजांचा अंमल आला, आणि त्याबरोबर सीमेची एक निराळीच कल्पना आली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाची खरी सत्ता डब्लिनच्या आसपासच्या एका पट्ट्यापुरती उरली होती. या पट्ट्याला 'पेल' म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ रोवलेला खुंट. १४९४-९५ सालीं ड्रॉहेडा येथें भरलेल्या पार्लमेंटनें या पट्ट्याच्या कडेनें सहा फूट उंचीचे दुहेरी बांध घालण्याचा कायदा केला. वरवर पाहतां हाहि बांधच. परंतु शेजारच्या कायद्यांतील बांधाहून तो तत्त्वतः वेगळा होता. येथें पलीकडचा मनुष्य तारण देणारा शेजारी नव्हता. तो शत्रु होता, आणि बांध राखण्याची जबाबदारी एकाच बाजूची होती. पुढें सोळाव्या व सतराव्या शतकांत उत्तरेकडील अल्स्टर प्रांताची राज्यकारभाराच्या सोयीकरितां काउंट्यांत वांटणी झाली. या काउंट्यांच्या रेषा कर गोळा करण्यास व न्यायाधीश नेमण्यास पुरेशा होत्या. दोन देशांची सरहद्द म्हणून त्या कोणी आंखलेल्या नव्हत्या.

तरीहि त्यांचीच सरहद्द झाली. १९२० च्या डिसेंबरांत ब्रिटिश पार्लमेंटनें केलेला कायदा ३ मे १९२१ पासून अमलांत आला, आणि अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, डेरी व टिरोन या सहा काउंट्यांचें उत्तर आयर्लंड वेगळें झालें. यांपैकीं फर्मॅना व टिरोन यांत कॅथॉलिक लोकांचें बहुमत होतें, आणि ते बहुतेक डब्लिनच्या बाजूचे होते. ६ डिसेंबर १९२१ रोजीं झालेल्या तहांत म्हणून एक बारावें कलम घालण्यांत आलें : उत्तरेनें स्वतंत्र राहण्याचें ठरविल्यास एक सीमामंडळ नेमावें, आणि त्यानें रहिवाशांची इच्छा पाहून, परंतु आर्थिक व भौगोलिक परिस्थितीस जुळेल इतपतच, सीमा ठरवावी. या 'परंतु'मध्यें पुढील सारें नाटक सामावलेलें होतें.

मंडळावर तीन सभासद होते. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश रिचर्ड फीदम. उत्तरेच्या सरकारानें आपला सभासद नेमण्याचें नाकारल्यामुळें ब्रिटिश सरकारानें त्याच्या वतीनें जे. आर. फिशर यांस नेमलें. आणि डब्लिनच्या सरकारानें पाठविलें ओवेन मॅक्नील यांस.

या मॅक्नीलांची ओळख करून घेतली पाहिजे. १८६७ सालीं अँट्रिम काउंटींतील ग्लेनार्म गांवीं ते जन्मले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं १८९३ सालीं स्थापन झालेल्या गेलिक लीगचे ते संस्थापक. डब्लिनच्या विद्यापीठांत प्राचीन आयरिश इतिहासाचे प्राध्यापक. ओगम लिपींतील शिलालेखांचे व प्राचीन कायदेग्रंथांचे अभ्यासक. वर ज्या टूअहांचें व क्रीखांचें वर्णन केलें, त्यांचें शास्त्रशुद्ध ज्ञान आधुनिक काळांत ज्यांनीं प्रथम उभें केलें त्यांत ते अग्रगण्य होते. १९१६ च्या एप्रिलांत डब्लिनमध्यें उठाव झाला तेव्हां स्वयंसेवक दलाचे प्रमुख तेच होते. तयारी अपुरी आहे असें पाहून त्यांनीं उठाव रद्द करण्याचा हुकूम काढला, तरी तो झाला, आणि त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच आठवड्यांत, २८ एप्रिल १९१६ रोजीं, लोकमान्य टिळकांनीं बेळगांवास होमरूल संघ स्थापिला. तें नांवहि आयर्लंडच्याच राजकारणांतून आपल्याकडे आलेलें होतें. मॅक्नील १९१७ सालीं सुटले, आणि १९२२ सालीं नव्या सरकारचे शिक्षणमंत्री झाले. त्या वर्षीं तहाच्या प्रश्नावरून देशांत यादवी माजली. तींत त्यांचा मुलगा ब्रायन तहाच्या विरोधकांबरोबर लढला, आणि सप्टेंबरांत स्लायगोच्या डोंगरांत सरकारी सैनिकांच्या हातून मारला गेला. बाप ज्या सरकारांत मंत्री होता त्याच सरकारचे ते सैनिक होते. देशावर आंखलेली रेषा घराच्या उंबऱ्यापर्यंत कशी येते, याचें याहून दारुण उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

सीमामंडळाची पहिली बैठक ६ नोव्हेंबर १९२४ रोजीं झाली. तहाच्या कलमाचा अर्थ कसा करावयाचा, हाच मुख्य प्रश्न होता. फीदम यांनीं न्यायाधीशाच्या बारकाईनें असा अर्थ केला कीं, उत्तर आयर्लंड हें पूर्वीचेंच उत्तर आयर्लंड म्हणून ओळखतां आलें पाहिजे. तेव्हां किरकोळ फेरफार करतां येतील, दोन सबंध काउंट्या इकडून तिकडे देतां येणार नाहींत. लोकांचें मत घेण्याची तरतूद कलमांत नसल्यामुळें मतदानहि होऊं शकलें नाहीं. मंडळाचें काम गुप्त राखण्याचें तिघांनींहि मान्य केलें होतें. मॅक्नीलांनीं हें वचन इतक्या कसोशीनें पाळलें कीं, आपल्या सहकारी मंत्र्यांनाहि त्यांनीं आंतील वार्ता कळविली नाहीं.

७ नोव्हेंबर १९२५ रोजीं लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' पत्रानें योजलेल्या सीमेचा नकाशा छापला. त्याप्रमाणें सुमारें ३१ हजार लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे जावयाचे होते, आणि सुमारें साडेसात हजार लोक दक्षिणेकडून उत्तरेकडे. डॉनिगॉलचा पूर्वेकडील कांहीं भाग आपल्या हातून जाणार हें पाहून डब्लिनमध्यें गहजब झाला. २० नोव्हेंबरला मॅक्नीलांनीं मंडळाचा राजीनामा दिला, व लागलीच मंत्रिपदहि सोडलें. ३ डिसेंबर १९२५ रोजीं तिन्ही सरकारांनीं करार केला कीं, आहे तीच रेषा कायम ठेवावी. मोबदल्यांत ब्रिटिश राष्ट्रीय कर्जाच्या वांट्यांतून दक्षिणेला मुक्त करण्यांत आलें. मंडळाचा अहवाल दडपून ठेवण्यांत आला, तो १९६९ सालींच प्रसिद्ध झाला. मॅक्नील आपल्या हस्तलिखितांकडे परत वळले. १९२८ सालीं स्थापन झालेल्या आयरिश हस्तलिखित मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि १९३५ सालीं प्राचीन आयरिश कायद्यावरील त्यांचा ग्रंथ बाहेर आला. १९४५ सालीं ते वारले.

मॅक्नीलांना दोष देणारे पुष्कळ झाले, आणि त्यांच्या हातून मुत्सद्देगिरी साधली नाहीं हें खरें आहे. परंतु त्यांच्यापुढें ठेवलेलें कामच असें होतें कीं, जुन्या कायद्याचें त्यांचें सारें ज्ञान तेथें निरुपयोगी ठरावें. जुन्या कायद्यांत सीमा ठरविण्यास दोन शेजारी लागत, आणि दोघांचें तारण लागे. येथें एक शेजारी बैठकीलाच आला नव्हता, दुसरा आपल्या हक्काचें कलम हातीं धरून बसला होता, आणि निवाडा करणारा दोघांनाहि परका होता. बावीस वर्षांनीं पंजाब व बंगाल यांच्या बाबतींत आपल्याकडेहि असेंच झालें. तेथें विलायतेंतून आलेल्या रॅडक्लिफ यांना अवघे पांच आठवडे मिळाले, आणि किंमत आयर्लंडहून कितीतरी पटींनीं अधिक द्यावी लागली.

कागदावरची रेषा जमिनीवर उतरली ती जकातीच्या चौक्यांच्या रूपानें. १ एप्रिल १९२३ पासून या चौक्या सुरू झाल्या. माल नेण्यास ठराविक रस्तेच खुले राहिले. ज्यांचें घर एका राज्यांत आणि शेत दुसऱ्या राज्यांत अशा शेतकऱ्यांना आपलेंच गुरूं आपल्याच कुरणांत नेतांना कायद्याची आठवण ठेवावी लागली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तरेंत जो रक्तपात सुरू झाला त्यांत तीस वर्षांत सुमारें साडेतीन हजार माणसें मेलीं. त्या काळांत सीमेवरील कित्येक लहान रस्ते सैन्यानें सुरुंग लावून खणून टाकले.

या संबंध काळांत भाषेनेंहि आपली नोंद ठेवली. फाळणीला आयरिश भाषेंत जो शब्द रूढ झाला त्याचा पूर्वार्ध 'क्रीख' हाच आहे, आणि उत्तरार्धाचा अर्थ तोडणें. १९३७ च्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमांत सबंध बेट हा राष्ट्राचा प्रदेश आहे असें घोषित करण्यांत आलें. आणि आयरिश पाठांत, जो कायद्यानें इंग्रजी पाठाहून श्रेष्ठ मानला जातो, 'राष्ट्रीय प्रदेश' या अर्थीं 'क्रीखा नाशूंता' असे शब्द योजलेले होते. म्हणजे एका बाजूनें क्रीख तोडली गेली, आणि दुसऱ्या बाजूनें सबंध क्रीखेवर हक्क सांगितला गेला. शेवट हा अर्थ एकानें घेतला, देश हा अर्थ दुसऱ्यानें. मधला, शेजाराचा अर्थ कोणाच्याच वांट्याला आला नाहीं.

तो परत आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १० एप्रिल १९९८ रोजीं बेलफास्ट येथें झालेल्या करारानें केला. २२ मे रोजीं सीमेच्या दोन्ही बाजूंस मतदान होऊन दोन्हीकडच्या लोकांनीं त्यास संमति दिली. त्याप्रमाणें दक्षिणेनें आपल्या घटनेचें दुसरें कलम बदललें, आणि 'राष्ट्रीय प्रदेश' हे शब्द त्यांतून गेले. त्यांच्या जागीं, या बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला या राष्ट्राचा घटक होण्याचा जन्मसिद्ध अधिकार आहे, असें वाक्य आलें. उत्तरेंतील मनुष्यानें स्वतःस आयरिश म्हणवावें, ब्रिटिश म्हणवावें किंवा दोन्ही म्हणवावें, हेंहि मान्य झालें. जमिनीवरचा हक्क सोडून माणसांशीं असलेलें नातें तेवढें राखण्याचें कलम घटनेंत घालणारीं राष्ट्रें फार थोडीं. जकातीच्या चौक्या युरोपच्या एकत्र बाजारपेठेमुळें १९९३ सालींच उठल्या होत्या. करारानंतर सैन्याचे बुरूजहि उतरले, आणि खणलेले रस्ते पुनः जोडले गेले.

२३ जून २०१६ रोजीं ब्रिटननें युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचें ठरविलें, तेव्हां हा प्रश्न पुनः उघडा पडला. उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्य मतदारांनीं संघांत राहण्याच्या बाजूनें मत दिलें होतें. पुष्कळ वाटाघाटीनंतर जमिनीवर चौक्या उभारावयाच्या नाहींत, मालाची तपासणी ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामधील समुद्राच्या बाजूला करावी, असें ठरलें. २०२३ सालीं विंडसर येथील समझोत्यानें तींत कांहीं सवलती आल्या. ब्रिटनशीं एकनिष्ठ असलेल्या उत्तरेंतील लोकांना ही समुद्रांतील रेषा खुपते, आणि त्यांची तक्रार अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. कारण एकाच्या शेताचा बांध काढला कीं पाणी दुसऱ्याच्या शेतांत उतरतें. तरीहि सुमारें पांचशें किलोमीटर लांबीच्या त्या जुन्या सरहद्दीवर आज कोणी गाडी अडवीत नाहीं. रस्त्यावरील पाट्या मैलांऐवजीं किलोमीटर सांगूं लागल्या म्हणजे प्रवाशानें ओळखावें कीं आपण दुसऱ्या राज्यांत आलों.

या सरहद्दीवर पेटिगो नांवाचें एक लहान गांव आहे. मधून नदी वाहते. पश्चिमेकडचें पेटिगो डॉनिगॉलमध्यें, पलीकडचें टुलिहोमन फर्मॅनामध्यें. एक वस्ती, दोन राज्यें. १९२२ च्या उन्हाळ्याच्या आरंभीं या गांवांत ब्रिटिश सैन्य व आयरिश स्वयंसेवक यांची चकमक झाली होती. त्या नदीचें नांव टर्मन. मठाच्या आसऱ्याची जी जुनी जमीन तेथें होती तिच्यावरूनच तें पडलें आहे. अर्थात् वर सांगितलेला 'टॅरमन' हाच तो शब्द. सरहद्दीची रेषा आंखणाऱ्यांनीं ही नदी घेतली ती काउंटीची हद्द म्हणून. तिच्या नांवाचा अर्थ विचारण्याचें त्यांना प्रयोजन नव्हतें. पुलावरून जाणारीं माणसें आज तें नांव रोज उच्चारतात. सीमा आणि आसरा हे दोन्ही अर्थ त्यांत पूर्वींपासून आहेत, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते दोन्ही तेथें पुनः एकत्र नांदूं लागले आहेत. तें असेंच चालावें यासाठीं बांध दोन्ही बाजूंनीं राखावा लागेल, एवढें जुन्या शेजारधर्माच्या कायद्यानें बाराशें वर्षांपूर्वींच लिहून ठेवलेलें आहे.